झाकण मिटल्यावर

मॉनिटरवर तन्मयचा चेहरा परातीएवढा उगवला आणि चारुलताबाई हरखून टाळी वाजवणार, एवढ्यात तो म्हणाला, "आई, मी नोकरी सोडतोय. कायमचा चेन्नईला येतोय, तुमच्याजवळ."

टाळी हातातच राहिली.

त्याआधीचा सगळा वेळ त्या मॉनिटरपायी गेला होता. त्यांच्या नवऱ्याने, रविकांतरावांनी, रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तो आणला, वापरलेलाच, पण धडधाकट. घरच्या लॅपटॉपवर मागच्या खेपेला तन्मयने विंडोजऐवजी लिनक्स चढवून दिलं होतं, त्यामुळे काही अडलं की त्याला थेट जर्मनीला फोन. केबल खोचली, तर मॉनिटरवर नुसतं निळं चित्र आणि लेक लॅपटॉपवरच. मग त्यानेच तिथून "सेटिंग्जमध्ये जा, डिस्प्ले उघड, मिरर दाब" असं करत स्वतःला मोठ्या पडद्यावर आणलं.

मॉनिटर कशाला, हे मात्र बाईंनी सांगितलं नव्हतं. "तुला मोठ्ठा बघायला," एवढंच म्हणाल्या होत्या. खरं तर महाराष्ट्रातून चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये नव्याने आलेल्या बायकांना त्या तमिळ बोलायला शिकवत. 'कम्मी पण्णुंगा' म्हणत भाजीवाल्याकडून भाव पाडून घेता येईल इतपत. मॉनिटर त्या क्लाससाठी होता, आणि क्लास भरायचा तन्मयच्या खोलीत.

"अरे, घर तुझंच आहे. कधीही ये," बाई म्हणाल्या. नीट जेवत जा वगैरे झालं, दोघांनी हात हलवले. बाईंनी मॉनिटरचं बटण दाबलं आणि रोजच्यासारखं लॅपटॉपचं झाकण मिटलं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि कॉल संपतो, एवढं तंत्रज्ञान त्यांना पाठ होतं.

"अहो, हे काय होऊन बसलं?" त्या मटकन खुर्चीत बसल्या. "मला नकोय तो इथे."

रविकांतराव हादरलेच. "अगं, पोटचा मुलगा आहे!"

"म्हणून तर! तो गेला तेव्हा मी अंथरूण धरलं होतं, तुम्ही पाहिलंय. क्लास काढला तेव्हा कुठे उठले. आता या खोलीत बायका येतात, मला टीचर म्हणतात. तो आला की मी पुन्हा त्याच्या डब्याची नि लग्नाची काळजी करत बसणार. भेटायला येऊ दे, हवे तेवढे लाड करीन. राहायला नको. पण आईने हे कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"आई."

आवाज मिटलेल्या झाकणाखालून आला होता.

रविकांतराव जागच्या जागी उडाले. बाईंनी झाकण उघडलं, तर तन्मय तिथेच बसलेला.

"बाहेरचा मॉनिटर जोडलेला असला की झाकण मिटून लॅपटॉप झोपत नाही, आई. अंधार झाला, मला वाटलं केबल निघाली. म्हणून थांबलो होतो."

"सगळं ऐकलंस?"

"हो."

'तसं नव्हतं रे म्हणायचं', 'हे आपलं बोलण्याच्या ओघात', सारवासारवीची वाक्यं जिभेवर तयार होती.

तन्मयने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "आई, मलाही नव्हतं यायचं. तुम्ही दोघं एकटे, माझी वाट बघत असाल असं वाटायचं, म्हणून ठरवलं. अजून राजीनामा दिलेला नाही. आता देतच नाही." आणि तो हसला. इतकं मोकळं हसताना बाईंनी त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

हवं होतं ते न मागता पदरात पडलं होतं. तरी बाई बसल्या जागी गार झाल्या. पोरगा तिकडे आपल्यासाठी झुरतोय, हे त्या इतकी वर्षं धरूनच चालल्या होत्या.

"बरं झालं, बाळा," त्या कशाबशा म्हणाल्या. "दिवाळीला ये मग. चार दिवस."

रविकांतरावांचा हात झाकणाकडे गेला. बाईंनी तो अडवला. आधी कॉल कापला, मग केबल उपटली, मग झाकण मिटलं. आणि मग पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या रडल्या.