भिंतीतून गेलेली तुळई

छताची तुळई करकरली तसं भागवत सरांनी पुस्तक मिटलं. "उठलं वाटतं लेकरू."

"न्हाई, कूस बदलून राह्यलं," शालू भाजीची वाटी ठेवत म्हणाली. सासरे कडूबा अंबडच्या बाजाराला गेले की ही सून चोरून चुलत सासऱ्याकडे यायची.

वाटणीच्या वेळी सरांची आणि थोरल्या भावाची, कडूबाची बोलाचाली झाली, घराच्या मधोमध भिंत आली. भाऊबंदकीत माणसं विहीरही अर्धी करतात. पण ही सागवानी तुळई कापली असती तर दोघांचंही छत डोक्यावर आलं असतं. म्हणून ती भिंतीतून आरपार तशीच राहिली. तिला अलीकडे सरांचा झोपाळा, पलीकडे कडूबाच्या नातवाची साडीची झोळी. बारशाचं आवतन अख्ख्या गावाला होतं, फक्त शेजारच्या दाराला नव्हतं. एकट्या राहणाऱ्या सरांना ते फार लागलं.

"काय वाचून राह्यले, काका?"

"गुरुत्वाकर्षण. लई अशक्त असतं बघ ते. अख्खी पृथ्वी टाचणीला खाली ओढती, अन् एवढंसं लोहचुंबक तिला वर उचलतं. काही शास्त्रज्ञ म्हणतात, लांबी-रुंदी-उंचीच्या पल्याड आणखी मिती असतील. उजेड इकडंच अडकतो. गुरुत्वाकर्षण तेवढं तिकडं पाझरतं, म्हणून आपल्या वाट्याला कमी येतं. सापडलं न्हाई अजून कुणाला, नुसतं गणितात हाये. पण तसं असलं, तर पल्याडचं काही दिसायचं न्हाई. नुसतं वजन कळंल."

शालूनं वर पाहिलं. "मंग आपल्या तुळईवानीच की!"

उभ्या नोकरीत एकाही पोरानं सरांना असं उत्तर दिलं नव्हतं. ते खूश होऊन हसले.

"काका, तुम्ही झोक्यावर बसले की तिकडं झोळी हलती," ती जाता जाता म्हणाली. "लेकरू बराबर निजतं. मामंजीला सांगितलं न्हाई मी."

तेव्हापासून सर रोज दुपारी गुडघे दुखले तरी पायानं हळू रेटा देत राहत. भिंत जाड होती, लेकराचा आवाज येत नसे. तुळईची करकर मंदावली की ते ओळखत, निजलं.

पोळ्यानंतर शालूचा नवरा आला आणि मायलेकरांना पुण्याला घेऊन गेला. सरांना ते किराणा दुकानात कळलं.

दुपारी सवयीनं ते झोपाळ्यावर बसले, पण रेटा देववेना. आता निजणार होतं कोण? त्यांना रडू आलं, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

तेवढ्यात तुळई करकरली. सरांनी झोपाळा धरून ठेवला. ती पुन्हा करकरली, संथ, एका लयीत.

रिकाम्या झोळीला वजन नसतं. कुणीतरी तिच्यावर हात टाकून, अंगाचा भार देऊन ती हलवत होतं. आणि त्या घरात आता कडूबाशिवाय कुणी उरलं नव्हतं.

सरांनी हळूच पायानं रेटा दिला. पलीकडची करकर थांबली.

थोड्या वेळानं ती पुन्हा सुरू झाली.