चांद्या जिवंत होता

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. मळवली स्टेशनच्या पलीकडे दत्तोबांच्या घरामागे पेंढ्याची गंज आहे, तिच्यावर मी पालथा पडलो आहे. वरून माझी पांढरी पाठ तेवढी दिसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटते, हे नुसते झाकण. माझी छापलेली बाजू खाली पेंढ्यात आहे आणि तिच्यावर एका बैलाचे चित्र आहे. ते चित्र माझ्या अंगावर कसे आले हे कळले तेव्हा मला जो धक्का बसला, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. घडले ते क्रमाने सांगतो. जे मी स्वतः पाहिले नाही, ते मागाहून याच गोठ्याजवळ बोलले गेले तेव्हा ऐकले.

कामशेतच्या बाजारात विक्कीचे छपाईचे दुकान आहे. तिथे मी एका लांब गुंडाळीत होतो, कोरा, गुळगुळीत. माझ्या आधी त्याच गुंडाळीतून वाढदिवसाचे, निवडीचे, उद्घाटनाचे फ्लेक्स निघून गेले होते. मशीनचे डोके डावीकडून उजवीकडे सरकायचे, शाईचा उग्र वास सुटायचा आणि कोऱ्या कापडावर माणसांचे चेहरे उमटायचे. माझ्यावर कोणाचा चेहरा येईल, याची मला उत्सुकता होती.

त्या दिवशी दुपारी नवलाख उंबरे गावच्या कैलासचा फोन आला. कैलास कारखान्यात कामाला जातो आणि घरी शर्यतीचा बैल पाळतो. आमच्या मावळात बैलगाड्यांच्या शर्यती होतात, त्या मैदानाला घाट म्हणतात. कैलासचा पांढरा बैल, बादल, घाटात नाव मिळवलेला होता. तो पोट फुगून अचानक गेला होता. असा बैल गेला की मालक माणसासारखा दुखवटा पाळतो. चौकात फ्लेक्स लागतो, लोक भेटायला येतात, तेरावेही घालतात.

विक्कीने फोन स्पीकरवर टाकला होता.

"भाऊ, फोटो मिळाले. पण यात बैल कुठंय? नुसती धूळ दिसतीय."

"पळतानाच काढल्यात सगळे. उभा ऱ्हातोय व्हय तो?" कैलास म्हणाला. मग थांबला. "ऱ्हात न्हवता."

"मग काय करू?"

"कायबी कर. पण रुबाबदार दिसला पायजे. उद्या सकाळी चौकात लावायचाय. माझं डोकं ठिकाणावर न्हाई, तूच बघ."

विक्कीने बघितले. संगणकावर मावळ, पांढरा बैल, असे काहीतरी टाकून शोधले आणि त्याला एक चित्र सापडले. ते हाताने रंगवलेले होते, पण बैल जणू आत्ता हंबरेल असा. मोठ्या आकारात, स्वच्छ, कोणालाही उतरवून घेता येईल असे. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते, 'समरीन, मळवली'. विक्कीने ते पुसले आणि तिथे फुलाच्या पाकळ्या टाकल्या. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिले, खाली शोक करणाऱ्या पोरांचे गोल गोल फोटो बसवले. थोड्या वेळात मी तयार झालो.

खरे सांगायचे तर मला अभिमान वाटला. दुकानात आलेला प्रत्येक जण थांबून बघत होता. "काय जनावर आहे," असे म्हणत होता. ते कौतुक माझे नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

सकाळी कैलासच्या मित्रांनी मला चौकातल्या लोखंडी पाइपांना बांधले. पोरांनी लगेच फोटो काढले आणि बैलवाल्यांच्या फोनवरच्या गटांवर पाठवले. कोणी हात जोडले, कोणी डोक्यावरची टोपी काढली. मग मोटारसायकलवरून कैलास आला. हार घेऊन आला होता. त्याने वर पाहिले आणि हार हातातच राहिला.

"ह्यो कोणाय?" त्याने विचारले.

"बादल की," एक जण म्हणाला.

"डावं शिंग बघ. टोक आत वळलंय. बादलचं शिंग सरळ व्हतं." तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ह्यो तर मळवलीच्या दत्तोबाचा चांद्या हाय. आन् तो जित्ता हाय."

मित्रांनो, मी जिवंत बैलाचा मृत्यू जाहीर करत चौकात उभा होतो. बांधल्यापासून मी वाऱ्याने फडफडत होतो. त्या क्षणी वारा असूनही मी ताठ झाल्यासारखे मला वाटले.

पण फोटो केव्हाच पुढे गेले होते. बैलवाला माणसाचा चेहरा विसरेल, बैलाचे शिंग विसरत नाही. पांढरा बैल म्हणजे पांढरा बैल, असे फक्त विक्कीला वाटले होते. खाली बादलचे नाव छापलेले असूनही लोकांनी शिंग पाहिले आणि चांद्याच गेला असे धरून थेट दत्तोबांचे घर गाठले. दत्तोबा तेव्हा गोठ्यात चांद्याला खरारा करत होते.

"आबा, लय वाईट झालं," पहिला आलेला म्हणाला.

"काय झालं?"

"धीर धरा. जनावर लाखात एक व्हतं."

"आरं कोणतं जनावर?"

"चांद्या."

"तुझ्या मागं हुबा हाय त्यो. सरक, शेपटी मारंल."

त्या माणसाने मागे पाहिले आणि तो झटकन बाजूला सरकला. मग दुसरा आला, तिसरा आला, दोन बायका पदर डोळ्याला लावूनच आल्या. धोंडाबाई, म्हणजे दत्तोबांच्या मालकीण, आधी हसल्या. कोणीतरी त्यांना फोनवर माझा फोटो दाखवला तेव्हा त्यांचे हसू थांबले. जिवंत जनावराच्या डोक्यावर श्रद्धांजली लिहिलेली पाहून त्यांनी मीठ-मोहऱ्या आणल्या आणि चांद्याची दृष्ट काढली.

चित्र कोणी काढले ते दत्तोबांना लगेच कळले. चांद्याचे चित्र एकाच व्यक्तीने काढले होते.

समरीन ही मळवलीतल्या एका बंगल्याची राखण करणाऱ्या रियाजभाईंची मुलगी. ती फोटोवरून चित्र काढत नाही. गोठ्यात जाऊन बसते, बैल तिला सरावेपर्यंत नुसती बसते, मग काढते. चित्र झाले की आधी मालकाला दाखवते आणि मग इंटरनेटवर ठेवते. सगळ्यांसाठी उघडे, फुकट. बैलवाल्यांच्या फोनवर आपापल्या बैलाचे चित्र असावे, एवढीच तिची इच्छा. आता तिचे सारे काम पणाला लागले होते. दत्तोबांनी गोठ्याचे दार बंद केले असते, तर बाकीच्या बैलवाल्यांनीही केले असते.

मला चौकातून उतरवून गुंडाळून विक्कीच्या दुकानात आणून टाकले. दुपारी तिथे सगळे जमले. कैलास, दत्तोबा, रियाजभाई आणि समरीन. पुढचे मी स्वतः ऐकलेले आहे.

"मला काय माहीत?" विक्की म्हणाला. "ऑनलाइन होतं. ऑनलाइन म्हणजे सगळ्यांचंच असतंय."

"कोपऱ्यात माझं नाव होतं," समरीन म्हणाली.

"हां, ते मध्ये येत होतं. उडवलं."

ते त्याने अगदी सहज सांगितले. मी गुंडाळीत होतो, तरी माझ्या त्या कोपऱ्याला चटका बसल्यासारखे झाले. पाकळ्या छापल्या होत्या, त्यांच्याखाली एक नाव होते. मला ते कळलेही नव्हते.

"तुझ्या दुकानाची पाटी काढून मी माझी लावली असती, तर?" रियाजभाई म्हणाले. "चाललं असतं?"

"काका, असं काय बोलता? सॉरी म्हणलं ना."

"कधी म्हणलास?"

विक्की खाली बघू लागला. "आत्ता म्हणतो."

रियाजभाई मुलीकडे वळले. "मी तुला किती दिवस सांगतोय. बंगल्याला मी कुलूप लावतो का नाही? मग तुझ्या चित्रांना का नको? ज्याला मोठं चित्र बघायचं, त्याने पैसे भरावेत आणि बघावं. शहरातले चित्रकार तसंच करतात."

"पोरी, तू आधी चांद्या काढून टाक तितून," दत्तोबा म्हणाले. "धोंडाबाई सकाळपासनं जेवली न्हाई."

समरीनने फोन काढला आणि सगळ्यांसमोर ते चित्र काढून टाकले. ते रंगवायला तिला किती दिवस लागले होते, मला माहीत नाही. पुसायला मशीन एक रेघ मारते तेवढाही वेळ लागला नाही.

"आबा, यापुढे सगळं बंदच ठेवते," ती म्हणाली. "अब्बा म्हणतात तसं. पैसे भरतील त्यांनाच उघडेल."

दत्तोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हंजी माझाच बैल बघायला मी पैसं भरू?"

"तुम्हाला नाही आबा. ज्याचा बैल, त्याला उघडंच."

इतका वेळ कोपऱ्यात बसलेला कैलास तेव्हा बोलला. "आन् ज्याला बैलच न्हाई?"

समरीनने त्याच्याकडे पाहिले.

"माझ्याकडं काल बैल व्हता, आज न्हाई," तो म्हणाला. "चांद्याचं ते चित्र मी लय येळा बघितलंय. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बघायचो. बादलचं बी असंच काढून घ्यायचं म्हणत व्हतो. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत ऱ्हाऊन गेलं. आता मी कोण म्हणून बघायचं? पैसं भरून?"

चोराला अडवायला लावलेले कुलूप पहिल्यांदा त्या माणसापुढे आले होते, ज्याने कधी काही चोरले नव्हते.

निघताना दत्तोबांनी मला काखेत घेतले. "हितं ठिवायचा न्हाई. फेकायचा बी न्हाई. चांद्याचं त्वांड हाय ह्याच्यावर." घरी धोंडाबाईंनी विळा आणला आणि श्रद्धांजलीच्या अक्षरांची पट्टी माझ्या अंगापासून कापून काढली. दुखले का, असे तुम्ही विचाराल. त्या शब्दांशिवाय मला हलके वाटले. मग त्यांनी मला पेंढ्यावर पालथे घातले, म्हणजे उन्हापावसाने चांद्याचे तोंड विटणार नाही.

दोन दिवसांनी समरीन दत्तोबांच्या दारात आली. आत आली नाही.

"आबा, येऊ का?"

"याआधी इचारत व्हतीस व्हय?"

"आता विचारावं लागणार."

दत्तोबांनी गोठ्याकडे हात केला, पण लगेच पुढे विचारले, "ह्या खेपंला चित्र कुटं कुटं जाणार, ते आधी सांग." हा प्रश्न त्यांनी तिला पूर्वी कधी विचारला नव्हता. तिच्या चेहऱ्याचे काय झाले, ते मी पालथा असल्याने पाहू शकलो नाही. "विचारल्याशिवाय कुठेच नाही, आबा," एवढे मला ऐकू आले.

ती चांद्यासाठी आली नव्हती. तिने कैलासलाही तिथेच बोलावले होते. गोठ्यात बसून कैलास सांगत होता आणि चांद्याकडे बघत ती कागदावर काढत होती. "मान ह्याच्यापरीस जाड. न्हाई, एवढी न्हाई. कपाळावर भोवरा. डोळा जरा रागीट कर, पण मला बघून मवाळ व्हायचा." बादलचे धुळीतले फोटोही तिने कैलासकडून घेतले. चांद्या मध्येच मान हलवायचा तेव्हा कैलास म्हणायचा, "हुबा ऱ्हा की गड्या, तुझ्या दोस्ताचं काम हाय." असे दोघे रोज येत होते.

चित्र झाले त्या दिवशी कैलासने त्यातल्या कपाळावरच्या भोवऱ्यावर बोट ठेवले.

"भाऊ, हे तुमचं," समरीन म्हणाली. "इंटरनेटवर उघडं ठेवू की बंद? तुम्ही सांगाल तसं."

"तेरावं होईस्तवर उघडं ठेव," कैलास म्हणाला. "माणसं दुखवट्याला यायची असत्यात, तवर दार लावत न्हाईत. येऊ दे, बघू दे. तेरावं झालं की लावून घे. मग ज्याला यायचं, तो इचारून यील."

"पैसे घेऊन?"

"घे की. तुझी मेहनत हाय. दुखवट्याचं दिवस सरल्यावर घराचं दार बी बंदच असतंय. म्हनून काय ते घर कुणाचं वैरी न्हाई."

समरीनने तसेच केले. आता तिचे प्रत्येक नवे चित्र आधी काही दिवस सगळ्यांसाठी उघडे असते, नाव ठळक, बैलाच्या अंगावरूनच गेलेले. मग ते बंद होते. काही लोक चिडले. आधी फुकट होते, आता शहाणी झाली, असे म्हणाले. विक्कीने मात्र पैसे भरले, असे कळले. किती खरे, मला सांगता येणार नाही.

बादलच्या तेराव्यानंतर कैलास एकदा दत्तोबांकडे आला. गंजीला पाठ टेकून, माझ्या अगदी शेजारी बसला आणि फोन चाळू लागला.

"बंद झालं," तो म्हणाला.

"तुला उघडून दील की ती. सांगू का?" दत्तोबा म्हणाले.

"नगं. आता मला येतंय डोळं मिटून बघाया."

मित्रांनो, कलाकाराने दार उघडे ठेवावे की बंद, हे मी सांगू शकत नाही. मी चोरीच्या चित्रावर जन्मलेले प्लास्टिक आहे, माझा तो अधिकार नाही. तुम्हाला एवढीच विनंती आहे. आवडलेले चित्र उतरवून घेण्याआधी त्याचा कोपरा बघा. तिथे नाव असेल तर त्या माणसाला विचारा. नाव नसेल तर ते कोणी पुसले, हे शोधा. त्या दिवशी कामशेतच्या दुकानात कोणी असे विचारले असते, तर मी छापलाच गेलो नसतो. तरीही विचारायला हवे होते.