मामांचा प्रोग्राम विचार करतो

पुनमच्या घराण्यात लग्न जुळवायचा मान ना पुरोहिताला होता ना मध्यस्थाला. तो होता निलंग्याच्या महादेवी आत्याच्या घरातल्या कॉम्प्युटरला.

आत्याचे यजमान रामलिंगमामा आयटीआयमध्ये शिकवायचे. कॉम्प्युटरला माऊस नव्हता, पडदा काळा होता आणि सगळं डॉसवर चालायचं, त्या काळात त्यांनी स्वतःच्या हातांनी पत्रिका जुळवायचा प्रोग्राम लिहिला. मुला-मुलीची जन्मवेळ टाकायची आणि बसायचं. मशीन घरघरायचं, कुरकुरायचं, पडद्यावर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत ‘वर्ण पाहत आहे’, ‘नाडी पाहत आहे’ असं एकेक उमटायचं. चांगली वीस मिनिटं जायची. तेवढ्यात कुणी खोकलं तरी आत्या डोळे वटारायची, “गप बसा, इचार करून राहिलंय!” घराण्यातली एकेचाळीस लग्नं याच मशीननं पास केली. त्यातली दोन मोडली, पण तेव्हा मधेच लाईट गेली होती, असं आत्या सांगायची.

दोन वर्षांपूर्वी मामा गेले आणि सहा महिन्यांत मशीननंही मान टाकली. राहिली ती एक फ्लॉपी. आत्यानं ती साडीच्या घडीत ठेवली होती.

आणि नेमकं आताच पुनमचं लग्न निघालं. मुलगा शिवलिंग, उदगीरच्या एसटी डेपोत मेकॅनिक. स्थळ चालून आलं असं घरच्यांना वाटत होतं. पुनम लातूरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. शिवलिंग त्या दुकानात एकच धडधाकट माऊस चार वेळा दुरुस्तीला घेऊन आला होता, आणि बसस्टँडसमोरच्या उसाच्या रसाचे दोघांचे किती ग्लास झाले ते रसवाल्यालाच ठाऊक, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. मुलगा सगळ्यांना पसंत होता. पण आत्यानं सांगितलं, “आधी त्यांच्या परोगरामला दाखवायचं. तो हो म्हनला तर हो.” पुनमचे वडील चंद्रप्पा थोरल्या बहिणीपुढे तोंड उघडत नसत. तेव्हाही त्यांनी ते उघडलं नाही.

नव्या कॉम्प्युटरला तो प्रोग्राम काही केल्या चालेना. मग पुनमनं शक्कल लढवली. जिच्यावरून मशीन थेट डॉसमध्येच सुरू होईल अशी सीडी बनवली आणि तिच्यात मामांचा प्रोग्राम घातला. दुकानातल्या मालकाच्या पत्रिकेवर करून पाहिलं, झकास चाललं. स्वतःची पत्रिका टाकायचं मात्र तिला धाडस झालं नाही. बाई ग, नकोच ते, असं म्हणून तिनं सीडी पिशवीत टाकली, दोन जास्तीच्या कोऱ्या घेतल्या आणि सीडीची खाच असलेलं दुकानातलं मशीन आदल्या दिवशीच आत्याच्या बैठकीत मांडलं.

रविवारी अकराला शिवलिंग आणि त्याची आई सिंधुबाई आले. चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, चहा झाला. पुनमनं पिशवीत सीडी शोधली, तर ती देवघरात. आत्यानं तिची यथासांग पूजा केली होती. चकचकीत बाजू वर ठेवून मधोमध कुंकू, त्यावर हळद, त्यावर अक्षता.

“आत्या, ती बाजू खाली ठेवायची असते!”

“अन् पाठीला कुंकू लावू व्हय? तोंड तिकडंच हाय न्हवं?”

पुनमनं ओढणी पुढे केली तशी आत्या किंचाळलीच. जुळणीच्या दिवशी कुंकू पुसतात का कुणी? सिंधुबाईंनीही कपाळाला हात लावला. ती सीडी देवापुढेच राहिली आणि पुनमनं मुकाट्यानं मशीनवर दुसरी बनवली.

मशीन डॉसमध्ये सुरू झालं. पुनमनं दोघांच्या जन्मवेळा टाकल्या, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर उत्तर. छत्तीसपैकी चौदा.

निदान अठरा तरी लागतात. मागे उभ्या शिवलिंगानंही पाहिलं असावं, कारण त्याचा ठसका थांबेचना. इतक्यात आत्या कडाडली, “बंद कर ते! ह्यानं इचारच केला न्हाई! इतक्या झटक्यात तर मी भाजी बी घेत न्हाई. त्यांचा परोगराम असा न्हवता. आधी इचार करायला लाव त्याला.”

पुनमनं झटकन वायर उपटली. आता आली का पंचाईत! विचार करायला लावणं अवघड नव्हतं. नव्या मशीनला जुन्याच्या चालीनं चालवणारे छोटे प्रोग्राम फुकटात मिळतात. पण मशीननं वीस मिनिटं विचार केला काय आणि वीस दिवस केला काय, शेवटी ते चौदाच म्हणणार होतं. पुनमला रडू आवरेना. डोळ्यांत कचरा गेला म्हणून ती मोरीत गेली आणि पाण्याचा हबका मारता मारताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेवटी चौदा म्हणणार, पण शेवट आलाच नाही तर?

तिनं मोबाईलच्या नेटवरून तसला प्रोग्राम उतरवला, वेग जितका खाली जाईल तितका खाली नेला आणि तिसरी सीडी बनवली. बारा वाजून दहा मिनिटांनी मशीन विचाराला बसलं.

एकला ते अजून ‘वर्ण पाहत आहे’ म्हणत होतं. आत्या खूश झाली. “हां! आता कसं त्यांच्यावानी करून राहिलंय.”

दोनला धपाटे-दही झाले. तीनला सिंधुबाई लोडाला टेकून घोरायला लागल्या. शिवलिंगानं आत्याचा तीन वर्षं बंद असलेला मिक्सर खोलून चालू केला, गळका नळ बसवला, चंद्रप्पांच्या स्कूटरचा प्लग पुसून दिला आणि आता काय खोलावं म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला. चारला मशीन ‘तारा पाहत आहे’वर पोचलं तेव्हा पुनमला धडकी भरली. अजून पाच पायऱ्या होत्या, पण तिला वाटलं, मेलं आता धावत सुटतंय.

सिंधुबाई जाग्या झाल्या. “अक्का, साडेपाचला आमची उदगीर गाडी हाय. ह्येचं कवा हुणार?”

पुनमनं ओढणीचं टोक दातांत धरलं. आत्या उठली, पडद्याजवळ गेली, कमरेवर हात ठेवून मशीनकडे बघत राहिली.

“चार तास उलटून गेले,” ती म्हणाली. “सकाळधरनं पोराची खोट हुडकून राहिलंय, सापडंना त्याला. आता आनखी काय पायजे? आना नारळ!”

आणि तिनं स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. साखर वाटली गेली, सिंधुबाईंची ओटी भरली गेली. चंद्रप्पांनी तोंड उघडलं, ते साखर घालायला. पाहुणे गाडीला गेले. जाताना शिवलिंग चुकून चंद्रप्पांची चप्पल घालून गेला.

पुनम मात्र सीडी हातात घेऊन तशीच बसली. आत्याला फसवलं याची टोचणी लागली होती. मामांच्या प्रोग्रामला तिनं खोटं पाडलं नव्हतं, पण बोलूही दिलं नव्हतं. भांडी आवरणाऱ्या आत्याजवळ ती गेली.

“आत्या, एक सांगू? रागवू नका. त्या मशीनचा वेग मी...”

“चौदा आलते,” आत्या म्हणाली.

पुनमच्या हातातली सीडी खाली पडली.

“माझा चष्मा जवळचा हाय, लांबचं झाक दिसतंय मला. तीस आले असते तर इचार केला न्हाई म्हनून कशाला वरडले असते? पेढे आनले असते.” आत्यानं परात पालथी घातली. “लग्न होऊन धा वर्षं झाल्यावर त्यांनी परोगराम लिव्हला. पयल्यांदा आमच्याच दोघांच्या पत्रिका टाकल्या. नऊ आले.”

“नऊ? मग?”

“मंग काय? जलमभर त्या परोगराममधी चूक हुडकली बिचाऱ्यानं,” आत्या म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. “माझ्यात न्हाई हुडकली.”