दर तीन तासांनी

मावशीच्या गळ्यात दोरीला बांधलेलं गजराचं एक छोटं घड्याळ असायचं आणि ते दर तीन तासांनी केकाटायचं. ते वाजलं की मावशी तोंडातला घास तोंडात, भांडण चालू असेल तर भांडणही अर्ध्यावर ठेवून मागच्या खोलीत धावायची. तिथे कपाटाएवढं अंडी उबवायचं यंत्र होतं. चार ट्रे, चारशे अंडी. मावशी बाजूचा दांडा ओढायची, ट्रे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलायचे, की झालं. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

या दांड्यापायी बावीस वर्षं मावशी तीन तासांच्या पल्ल्याबाहेर गेली नव्हती. तिच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, तीन बहिणी. त्यांची घरं झाली, पोरांची लग्नं झाली, नातवंडांची बारशी झाली. प्रत्येक वेळी आमंत्रण यायचं आणि प्रत्येक वेळी मावशी फोनवर उसासा टाकून म्हणायची, "जीव तुटतो हो माझा, पण अंडी." मग काका तरी एकटे कसे जाणार? तेही राहायचे. तिन्ही नणंदा आपसांत म्हणत, बिचारी त्या यंत्राला बांधलेली आहे.

अशा घरात तिचा भाचा येऊन पडला. कंपनीने माणसं कमी करायची ठरवली तेव्हा यादीत पहिलं नाव त्याचं होतं. दोन महिने त्याने आईच्या घरी छताकडे बघत काढले, मग आईने त्याची बॅग भरून त्याला आपल्या बहिणीकडे रवाना केलं. मावशी त्याला शास्त्रज्ञ म्हणायची. यात कौतुक नव्हतं. लहानपणी त्याने तिचा रेडिओ उघडला होता आणि तो अजून उघडाच होता. तिशी उलटली तरी या माणसाने हाती घेतलेलं एकही काम शेवटाला नेलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला टोचत नव्हती.

एक दिवस जेवताना मावशी म्हणाली, "ताईचे दिवस भरत आलेत. मला जायचंय."

ताई म्हणजे तिची एकुलती एक मुलगी. बसने आठ तासांवर राहायची. काकांनी घास चावून पूर्ण केला आणि विचारलं, "मग अंडी?"

मावशीने शास्त्रज्ञाकडे पाहिलं. अशा नजरेने त्याच्याकडे बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं.

"मी करतो काहीतरी," तो म्हणाला आणि लगेच घाबरला.

पण केलं त्याने. भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर आणून दांड्याला जोडली. यंत्रात थर्मामीटरची वायर सोडली. दोन्ही मावशीच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडून प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅमात टायमर नावाची एक चीज असते. तिला एकच काम येतं, ठरलेल्या वेळाने हाक मारायचं. शास्त्रज्ञाने टायमरला सांगितलं, मला दर दहा सेकंदांनी हाक मार. हाक आली की प्रोग्रॅम तापमान बघणार. हाका मोजत राहणार, एक हजार ऐंशी झाल्या की तीन तास झाले, मग मोटर फिरणार आणि ट्रे कलणार. तापमान वाढलं तर पडद्यावर चौकट येणार, 'तापमान वाढले आहे', आणि खाली बटण, 'ठीक आहे'.

कॉम्प्युटरसमोर काकांना मज्जाव होता. एकदा त्यांनी एक बटण दाबून मावशीच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी पुसली होती. तेव्हापासून मावशीचा हुकूम होता, या वस्तूला हात लावायचा नाही. काका हुकमाचे पक्के होते. ते त्यावरची धूळही पुसत नसत.

पहिल्या चाचणीच्या दिवशी मावशी बाजाराला गेली आणि शास्त्रज्ञ केस कापायला. दीड तासाने परत येऊन बघतो तर पडद्यावर चौकट. 'ठीक आहे' दाबलं. खालून तीच चौकट. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच. थर्मामीटर त्याने यंत्रातल्या ऊब देणाऱ्या बल्बला खेटून लटकवला होता, त्यामुळे तापमान जास्त दिसत होतं, आणि एक चौकट उघडी असली म्हणून टायमर काही हाका मारायचा थांबत नव्हता. दर दहा सेकंदांनी नवी चौकट. दीड तासात पाचशे चाळीस. मावशी पिशव्या घेऊन आली तेव्हा शास्त्रज्ञ नव्याकोऱ्या केसांनी बसून खटाखट 'ठीक आहे' दाबत होता.

"किती ठीक आहे रे?" तिने विचारलं.

"आता थोडंच राहिलंय."

मावशी भिंतीला टेकून हसली. अंडी मात्र वेळेवर कलली होती, हे तिने आधी बघून घेतलं होतं.

शास्त्रज्ञाने कानाला खडा लावला. थर्मामीटर हलवला आणि प्रोग्रॅमात दोन ओळी घातल्या: चौकट दाखवण्याआधी टायमर थांबव, कुणी 'ठीक आहे' दाबलं की पुन्हा चालू कर. आता एका वेळी एकच चौकट. इतकं नीटनेटकं काम आपल्या हातून झालं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. मावशीने दोन दिवस नजर ठेवली, मग तिन्ही नणंदांना फोन करून सांगितलं की भाच्याने यंत्राचं यंत्र केलंय, आता ताईकडे जाता येतंय. गळ्यातलं घड्याळ काढून खुंटीला टांगलं आणि संध्याकाळची बस धरली.

दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञाची शहरात मुलाखत होती. सात वाजता ट्रे कलले ते त्याने स्वतः पाहिले आणि निघाला. मुलाखतीत तीन माणसांनी विचारलं की सध्या काय करता. तो मागे टेकून म्हणाला, "आत्ता, या क्षणी, माझा प्रोग्रॅम चारशे अंडी सांभाळतोय." एकाने ते लिहूनही घेतलं.

संध्याकाळी सहाला तो घरी आला. काका कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसले होते, हाताची घडी घालून.

"काळजी करू नकोस," काका म्हणाले. "सकाळी साडेआठला हे आलंय. तेव्हापासून इथेच बसलोय. मांजरालासुद्धा हात लावू दिला नाही."

पडद्यावर चौकट होती. एकच.

शास्त्रज्ञाच्या तोंडचं पाणी पळालं. तापमान दोन मिनिटांत आपोआप उतरलं असणार, ते बघायला यंत्राचा स्वतःचा थर्मोस्टॅट होता. पण चौकट मिटल्याशिवाय टायमर हलणार नव्हता, आणि हाका नाहीत तर मोजणी नाही, मोजणी नाही तर मोटर नाही. साडेनऊ तासांपूर्वी टायमर जो गप्प बसला होता तो अजून गप्प होता. अकरा तास चारशे अंडी एकाच कुशीवर पडून होती. त्याने धावत जाऊन हाताने दांडा ओढला. मग जिन्यावर बसला. आता मावशीला सांगावं लागणार, ती ऐकताक्षणी ताईला तशीच सोडून परतीची बस धरणार, आणि हे सगळं आपल्यामुळे. त्याला रडू यायचं बाकी होतं.

त्याने फोन लावला. त्याला बोलू न देता मावशी म्हणाली, "मुलगी झाली. दुपारी. नाक तुझ्या काकांचं आहे, पण सुधारेल." मग म्हणाली, "मी तिथेच होते रे. ताईचा हात माझ्या हातात होता."

शास्त्रज्ञाने डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं.

"अकराच तास ना?" मावशी म्हणाली.

"अकराच म्हणजे?"

"अरे, काही होत नाही. रोज असं केलं तर वाईट. एखाद्या दिवशी अकरा तास काय, चौदा तासही चालतात. माझेच कितीदा झालेत."

शास्त्रज्ञ जिन्यावर सरळ बसला. "मग बावीस वर्षं तू कुठेच का गेली नाहीस?"

"तुझ्या काकांच्या बहिणींकडे? तू राहिलायस का कधी त्यांच्याकडे चार दिवस?"

"मग माझा प्रोग्रॅम कशाला हवा होता?"

"आता लेकीकडे यायला कसं जमलं, असं तिघींनी विचारलं असतं ना. काय सांगितलं असतं मी त्यांना?" मग तिचा आवाज हळू झाला. "काम चांगलं केलंस हो तू. त्याच्याशिवाय मी आज इथे नसते. काकांना मात्र यातलं काही बोलू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

फोन ठेवून तो वळला तर काका मागेच उभे होते.

"मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे," काका म्हणाले. "एकदा ती तापाने झोपली होती, घड्याळ वाजून वाजून थकलं, तरी पिल्लं सगळी निघाली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर बहिणींकडे जावं लागलं असतं."

तेवढ्यात घरातला फोन वाजला. काकांनी नंबर बघून तो शास्त्रज्ञाच्या हातात दिला. थोरली बहीण होती. पुढच्या महिन्यात तिच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती, आठवडाभर सगळ्यांनी एकत्र राहायचं ठरलं होतं. आता तर यंत्र सगळं आपोआप करतं, तेव्हा दोघांनीही यायचंच, सबब चालणार नाही.

शास्त्रज्ञाने दारातून पडद्याकडे पाहिलं. चौकट तशीच होती. दोन ओळींची दुरुस्ती होती, उद्या सकाळी चहाच्या आधी झाली असती.

"आत्या, यंत्र आजच बंद पडलंय," तो म्हणाला. "फार अवघड बिघाड आहे. पुढच्या महिन्यापर्यंत होईल असं वाटत नाही."

काकांनी त्याची बाही ओढली.

"आणि सांग," ते कुजबुजले, "की मला हात लावायची परवानगी नाही."