सरकती भिंत

"भिंत सरकायला लागली की झगडू नकोस, पोरी. हात बाहेर दे आणि मोकळी हो," शेजारच्या पिंजऱ्यातली आजी मला म्हणाली होती. मी तिला दात दाखवले. म्हटलं, म्हातारी पार गळाठली आहे!

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी माकडीण आहे. वयाने नव्हे, पिंजऱ्याने. निरोगी माकडाच्या रक्तात काय किती असतं, ते इथे ठरवतात. पुढे एखादं माकड आजारी पडलं, तर आमच्या आकड्यांशी ताडून पाहता येतं.

पहिल्याच दिवशी, मला पुढच्या गजांशी दाबून रक्त काढायला, पिंजऱ्याची मागची भिंत करकरत पुढे आली. पोटाला पिल्लू बिलगलेलं. मी लाथा झाडल्या, गजांवर डोकं आपटलं. पिंजरेवाल्याने दांडा आणखी ओढला. बरगड्या दबल्या, पिल्लू किंचाळलं. त्या माणसाचा हात आत येताच मी हातमोज्यासकट अंगठा चावून फोडला. त्याने माझा हात गजांतून खेचून पिरगळला. बोट कटकन मोडलं. रक्त नळीत थोडं, फरशीवरच जास्त.

डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहून कपाळाला हात लावला. "साखर चढलेली, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. हे निरोगी माकडाचं रक्त नाही हो, मारामारीचं आहे!"

"मग काय मॅडम, अर्ज करून मागू तिच्याकडे?" अंगठा दाबून धरत तो म्हणाला.

"द्राक्ष देऊन मागा."

त्याने तोंड वाकडं केलं, पण मागितलं. रोज गजांपाशी द्राक्ष, रोज माझा हात थोडा पुढे. मोडलेलं बोट वाकडंच जुळलं. अखेर एकदा मी आपणहून हात बाहेर दिला. सुई टोचली, पण भिंत जागची हलली नाही. माझे आकडे खरे ठरले. बाईंनी शाबासकी दिली, तीही पिंजरेवाल्याला!

पिल्लाने मात्र यातलं काहीच पाहिलं नाही. तो माणूस दिसला की ते माझ्या पोटात तोंड खुपसून थरथरायचं. त्याला ठाऊक आहे ती फक्त पहिल्या दिवसाची आई, चावणारी.

आज त्याला माझ्यापासून ओढून पलीकडच्या खोलीत नेलं. त्याचेही आकडे हवे आहेत. तिथला माणूस नवा आहे.

मुक्या जिवाला धाकाने नव्हे, धीराने हाताळा, एवढं सांगून मी थांबले असते. पण मित्रांनो, पलीकडे भिंत करकरतेय. कुणीतरी जाऊन बघा ना, माझ्या पिल्लाने हात बाहेर दिलाय का?