शेवटची स्टेप

परागने मोबाइल स्टँडला लावला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि रसिकाला म्हणाला,

"सुचेल ते कर. विचार नको करूस."

रसिका हलली नाही.

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात तीन महिने हेच चाललं होतं. खालच्या गाळ्यात मशीन धाडधाड करायचं आणि वर रसिकाने तासन् तास मनाला येईल तसं नाचायचं. मग पराग सर व्हिडिओ बघून त्यातलं हवं ते वेचून नाच बसवणार, आणि पोस्टरवर नाव एकट्या सरांचं. तेही तिने गिळलं होतं. पाली गावच्या कोळीवाड्यात तिची आई दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूवर वाळत टाकते. ते टाकतानाची मनगटाची फिरकी एकदा नाचताना रसिकाच्या हातांतून आपसूक आली, तर सरांनी तिला 'प्रार्थना' असं नाव दिलं! गिळलं तेही. सोलो आपल्यालाच मिळणार, या एका आशेवर.

आणि आज आल्या आल्या सरांनी सांगून टाकलं, की सोलो अनुष्का करेल, तिचा चेहरा स्टेजवर उठून दिसतो. रसिकाने तिला सगळं शिकवायचं. आणि हो, शेवट काही सुचत नाहीये, तेवढा आधी करून दाखवायचा. काय म्हणावं या माणसाला!

रसिकाच्या अंगाची नुसती आग होत होती. हात बाजूला, मुठी वळलेल्या, नजर थेट सरांवर. एक मिनिट गेलं, दोन गेली. कोपऱ्यात अनुष्का खाली मान घालून मोजे ओढत राहिली.

सरांनी रेकॉर्डिंग थांबवलं. चेहरा उजळला होता त्यांचा.

"अरे, हाच तर शेवट. काहीच करायचं नाही. अनुष्का, ये, अशीच उभी राहा."

घ्या! नकारसुद्धा उचलला मेल्याने.

अनुष्का येऊन उभी राहिली. हात तसेच, मुठी तशाच. सरांनी स्क्रीनवर पाहून मान हलवली. परत उभी केली, परत पाहिलं. बिचारी रिक्षाची वाट बघत असल्यासारखी दिसत होती.

"राग येतच नाहीये," सर वैतागले. "रसिका, सांग ना तिला, तू कुठून आणलास ते."

रसिका एव्हाना बॅग खांद्याला लावून दारात चपला घालत होती.

"तो तुम्हीच शिकवा, सर," ती म्हणाली. "मलाही तुम्हीच शिकवलात."