टुंड्रावरची मोकळी जागा

"अव्वा, डाव्या अंगाला अख्खा माळ रिकामा पडलाय. अप्पांना तिथं बसवतो की!"

"माऊसवरचा हात काढ आधी, विरू!"

निलंग्याच्या आमच्या फोटो स्टुडिओत सकाळपासून हेच चाललंय. मी कोपऱ्यात उभा. मी कॅमेऱ्याचा स्टँड, तीन पायांचा. त्यातला एक आता लंगडा. ज्या फोटोवरून मायलेक भांडतायत, तो माझ्याच डोक्यावरून काढलाय. तेव्हा तुमच्यापाशी मीही बोलणार.

स्टुडिओचे मालक संगप्पा, म्हणजे विरूचे अप्पा, यांनी मला हैदराबादहून आणलं. लग्नं, बारशी, सगळं पाहिलं. माणसं श्वास कोंडून उभी राहतात आणि मग विचारतात, चेहरा असा का आला! त्यांच्या बायकोला, उमादेवींना, कुणी शिकवलं नाही. नवरा जेवायला गेला की त्या कॅमेरा उघडून बघायच्या. पुढे फोटो त्याच काढू लागल्या आणि संगप्पा मागे उभे राहू लागले. सगळं जुळलं की मान न वळवता त्या विचारायच्या, "हं?" मागून आवाज यायचा, "घे."

नवरा गेलेली बाई आली की तिला उजवीकडे बसवायचं, डावीकडे जागा सोडायची, नंतर तिथे त्याचा फोटो जोडून द्यायचा. भिंतीवर जोडी पुरी! ही रीत उमादेवींनीच लेकाला, विरूपाक्षला, शिकवली.

मग संगप्पाच गेले. नॉर्वेत नोकरीला असलेल्या लेकीनं, शिवकन्येनं, आईला बोलावून घेतलं. उमादेवींनी मला लुगड्यात गुंडाळून नेलं. पार उत्तरेला, टुंड्रावर. इकडे चौकटीत वरून बाभळीची फांदी घेता येते. तिथे झाडच नाही, फांदी कुठली? ओल्या शेवाळात माझे पाय रुतत, वारा वरून ढकले. बाईंनी दगडांची पिशवी माझ्या पोटाला बांधली, मला गुडघ्याइतकं खाली केलं. पुढ्यात लाल पानांचं खुरटं झुडूप, उजवीकडे एक धोंडा, बाकी सगळं मोकळं. लेक लांब गाडीत बसलेली.

जुळलं. मान न वळवता त्या म्हणाल्या, "हं?"

मागे नुसता वारा. त्या थांबल्या. एवढ्या थांबल्या, की गारठ्यानं माझा पाय तडकला. मग कळ दाबली.

"धोंड्यापाशी तू, डावीकडं अप्पा," इकडे स्टुडिओत विरूपाक्षचा हट्ट सुटेना. "जागा तूच सोडलीस न्हवं? कुणासाठी?"

"वाऱ्यासाठी!"

"लोक हसतील. माणूस न्हाई, जनावर न्हाई. भिंतीला काय दगूड लावू?"

"लाव! तुझ्यापरीस बरा दिसतो."

मग त्याचा आवाज एकदम उतरला. "अव्वा, ओळखपत्रावरचा बारका सोडला, तर अप्पांचा एकबी नीट फोटो न्हाई घरात. ह्यात तरी बघू दे की मला."

माझ्या तडकलेल्या पायावर बाईंनी हात ठेवला. तिथे टुंड्रावर मागे कुणी नव्हतं, हे फक्त मला ठाऊक आहे. मला वाचा नाही, हे बरंच आहे.

"फोटोत कुठून येतील रं? ते तिथंबी माझ्या मागंच उभे हुते. 'घे' म्हणाले, तवाच मी कळ दाबली."